बोट तेल पीत नाही

हायड्रॉलिकचं तेल खर्च होत नसतं. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं, ग्रीस वाळून जातं, बॅटरीतलं पाणी उडतं. पण टाकीतून निघून नळीत जाणारं, सिलिंडर ढकलणारं आणि त्याच वाटेने परत टाकीत येणारं तेल जळत नाही आणि उडतही नाही. ते जुनं होईल, काळवंडेल, बदलावंही लागेल. पण कमी होणार नाही. पातळी खाली गेली असेल तर ते तेल कुठेतरी बाहेर पडलेलं आहे. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत माझी उभी नोकरी हे एवढं एक वाक्य हाताखालच्या मुलांच्या गळी उतरवण्यात गेली. निवृत्तीनंतर बर्गी धरणाच्या पाण्यावर पुन्हा तेच सांगायची वेळ आली.

आमची फॅक्टरी 1904 सालची. बाहेरच्याला वाटतं, तोफ म्हणजे नळी आणि गोळा. आतल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल की तोफ म्हणजे तेल. गोळा सुटतो त्या क्षणी नळी तेवढ्याच जोराने मागे फेकली जाते. तिला आवरतं ते बफरमधलं तेल. नळी मागे येताना दट्ट्या त्या तेलाला बारीक भोकांतून, खाचांतून रेटतो आणि सगळा धक्का तेलाच्या गरमीत विरून जातो. मग दाबून ठेवलेला वायू नळीला पुन्हा जागेवर आणून बसवतो. बफरमध्ये तेल कमी असलं, किंवा तेलाच्या जागी हवा शिरली, तर नळी हवी त्याहून लांब मागे येते आणि तिच्या मागे माणसं उभी असतात. म्हणून गोळा भरण्याआधी तेल पाहायचं, हा तोफखान्याचा नेम. 105 मिलिमीटरच्या फील्ड गनपासून ते 2019 च्या एप्रिलमध्ये लष्कराच्या हवाली झालेल्या 155 मिलिमीटरच्या धनुषपर्यंत जबलपुरात जे जे घडलं, त्या प्रत्येकाच्या पोटात हे तेल आहे. सिलिंडर भरून दाबाखाली ठेवला की त्याच्या खाली मी कोरा पांढरा कागद अंथरत असे. गेजवरचा काटा दाखवायच्या आधी कागद दाखवतो.

बोटीचं काम आलं ते माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाकडून. हे कुटुंब नागपूरकडून इथे आलेलं, आता तिसरी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की बुंदेली वळणाची हिंदी. त्याने मुंबईकडची एक जुनी फायबरची मोटरबोट विकत घेतली, ट्रकवर घालून आणली आणि बर्गीच्या जलाशयावर ठेवली. गोलबाजारच्या दत्तमंदिरात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, बोट एका अंगाला कलते. डावं बटण दाबलं की क्षणभर सरळ होते, परत कलते. तुम्ही हायड्रॉलिकवाले, एकदा बघून जा ना." मी विचारलं, तेल? "ते आम्ही टाकतो की. टाकलं की महिनाभर नीट चालते." हे ऐकलं आणि मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

बोटीला ट्रिम टॅब होते. नदीवरच्या आपल्या लाकडी नावेला हा प्रकार नसतो, म्हणून थोडं सांगतो. बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या तळाशी, डावीकडे आणि उजवीकडे, स्टेनलेस स्टीलची एकेक पट्टी बिजागरीने बसवलेली असते. वर एक छोटा सिलिंडर. त्यात तेल रेटलं की पट्टी खाली झुकते, तेल सोडून दिलं की आतली स्प्रिंग तिला वर ओढते. बोट वेगात असताना खाली झुकलेल्या पट्टीवर पाणी आपटतं आणि मागची ती बाजू वर उचलली जाते. दोन्ही पट्ट्या झुकवल्या की मागचा भाग वर येतो, पुढचं नाक खाली बसतं आणि बोट आडवी, सपाट धावू लागते. एकच झुकवली तर तेवढीच बाजू उचलली जाते. फोटो काढायला सगळे प्रवासी एका कठड्याशी जमले, किंवा उन्हाळ्यातला दुपारचा वारा एका अंगाने लागला, की चालवणारा या पट्ट्यांनी तोल सावरतो. बोट उभी असताना त्यांचा काही उपयोग नाही. त्यांची सगळी ताकद वाहत्या पाण्याची, तेल फक्त त्यांना धरून ठेवतं.

धरून ठेवणं, हेच तिथे होत नव्हतं.

बोटीवर काम करणारा मुलगा बर्मन समाजातला, वीस-बावीस वर्षांचा. नर्मदेच्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या नावा चालवणारी ही माणसं. त्याच्या आजोबांचं गाव बर्गीच्या पाण्याखाली गेलं. तो मला म्हणाला, "दादा, इसकी टंकी में हर महीने तेल डालना पड़ता है। ये तेल पीती है।" त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गाय चारा खाते, तशी ही बोट तेल पिते, इतकं सरळ. मी त्याला विचारलं, पीती है तो जाता कहाँ है? त्याने आधी इंजिनाकडे बघितलं, मग पंपाकडे आणि मग कठड्यावरून खाली पाण्याकडे. त्या मुलाची समज उत्तम होती. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, एवढंच.

बर्गी धरणाचं काम 1974 ला सुरू झालं आणि 1990 च्या सुमारास पूर्ण झालं. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या मालिकेतलं हे पहिलं. उंची 69 मीटर. मागे जो जलाशय पसरला त्याला राणी अवंतीबाई लोधी सागर म्हणतात, लांबी साधारण 75 किलोमीटर. जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतल्या 162 गावांना त्याची झळ लागली. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड 1977 साली नर्मदेच्या काठाने पायी निघाले तेव्हा त्यांचा पहिला टप्पा जबलपूर ते मंडला होता. ते ज्या काठावरून चालले तो काठ आज बराचसा बोटीच्या तळाखाली आहे. परिक्रमेला निघालेली आपल्याकडची माणसं आता या पाण्याला लांबचा वळसा घालतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, मातीही उघडी पडते. इथली माणसं तिला 'डूब' म्हणतात आणि तिच्यात पीक घेतात. हे पाणी कुणाचं तरी अंगण होतं, हे त्या मुलाच्या शेजारी बसल्यावर विसरता येत नाही. त्यात आपलं तेल चाललं आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली.

बोट ट्रेलरवर घेऊन काठावर आणायला लावली. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीची गळती शोधणं म्हणजे वेळ घालवणं. आधी दोन्ही पट्ट्या पूर्ण वर घ्यायला सांगितल्या, मग पंपाचा डबा पाहिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पट्ट्या खाली असताना बरंचसं तेल सिलिंडरात असतं, त्यामुळे टाकी रिकामी दिसते. तेव्हा भरली तर पट्ट्या वर घेताना तेवढं सगळं तेल टाकीत परतणार आणि टोपणाच्या श्वासछिद्रातून बोटीच्या तळात सांडणार. या बोटीचा तळ हाताने चाचपला तर बोटांना लाल चिकटा लागला. म्हणजे काही तेल नुसतं भरण्याच्या पद्धतीनेच वाया गेलं होतं. पण टाकी तरीही खालच्या रेघेच्या खाली होती. खरी गळती वेगळीच.

मग प्रश्न डाव्या बटणाचा. सगळ्यांनी गेले काही महिने डावी पट्टी तपासली होती, डावी नळी आवळली होती, डाव्या सिलिंडरावर नवं सील बसवायचाही विचार चालला होता. या यंत्रात बटणं पट्ट्यांची नसतात, बोटीच्या नाकाची असतात. नाकाची डावी बाजू खाली आणायची तर मागची उजवी बाजू उचलावी लागते, म्हणून डावं बटण उजवी पट्टी झुकवतं. चालवणाऱ्याला हे सोपं जावं म्हणून तारा तशा उलट जोडलेल्या असतात. मालकाला मी बटण दाबायला लावलं आणि मुलाला मागे उभं केलं. उजवी पट्टी खाली आली. बटण सोडलं. ती थांबली आणि हळूहळू, डोळा लावून बसल्याशिवाय कळणार नाही अशी, वर सरकू लागली.

मोटर चांगली गुणगुणत होती, फ्यूज ठीक, तारांच्या टोकांवरचा हिरवा गंज खरवडून घेतला. तेव्हा दोष विजेत नाही, तेलाच्या वाटेत. आता ही वाट दोन ठिकाणी सुटू शकते. एक तर पंपाशी असलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल आणि तेल आतल्या आत टाकीत परतत असेल, किंवा नळी नाहीतर सिलिंडर बाहेर गळत असेल. ओळखायची युक्ती जुनी आहे आणि तिला कसलंही उपकरण लागत नाही. पंपाशी दोन्ही नळ्या सोडवून त्यांची अदलाबदल करायची. उजवी पट्टी आता डाव्या व्हॉल्व्हवर चालणार. दोष दुसऱ्या पट्टीकडे गेला तर व्हॉल्व्ह दोषी, जागेवरच राहिला तर नळी किंवा सिलिंडर. आम्ही बदलून पाहिलं. उजवी पट्टीच पुन्हा सरकली. आणि खरं तर टाकी रिकामी होत होती यावरूनच व्हॉल्व्ह निर्दोष ठरत होता, कारण तो गळला असता तर तेल टाकीतच राहिलं असतं. तरी मुलाच्या डोळ्यांसमोर हे सिद्ध व्हायला हवं होतं. सांगितलेलं विसरतं, बदलून पाहिलेलं हातात राहतं.

आता उजव्या बाजूची नळी. दोन सुती, नायलॉनची, पंपापासून बोटीच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर आणि तिथून सिलिंडराच्या माथ्यात. सगळी नळी कापसाने कोरडी पुसली. सिलिंडराच्या दांड्याभोवती पाहिलं, तिथे सील कोरडं ठणठणीत. पट्टी वर असताना कुठेही थेंब नाही. मग बटण दाबून धरायला सांगितलं आणि मी नळीवरून नुसता अंगठा फिरवत गेलो. भिंतीच्या भोकातून नळी बाहेर पडते तिथे एक धातूचा क्लॅम्प होता आणि त्याची कडा बोट थरथरेल तसतशी नळीला घासत आली होती. त्या कडेच्या मागे, डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, अंगठा ओला झाला. आरसा धरून पाहिलं. केसाएवढी चीर. पट्टी वर, नळीत दाब नाही, तर चीर मिटलेली. दाब चढला की तिच्या कडा किंचित फाकत, एक लाल थेंब फुगत येई, मोठा होई आणि नळीच्या अंगावरून ओघळून जाई. पाण्यात असताना तो प्रत्येक थेंब सरळ जलाशयात जात होता. मुलगा वाकून आरशात बघत राहिला. त्याने स्वतः तीनदा बटण दाबून ते पाहिलं आणि काहीच बोलला नाही.

हायड्रॉलिकचा सगळा इतिहास या एका थेंबाशी झगडण्याचा आहे. बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. त्यावर लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व चोख, पण प्रेस गळायचं. दट्ट्याभोवतीचं सील सैल ठेवावं तर पाणी सुटतं, आवळावं तर दट्ट्या हलत नाही. हा पेच सोडवल्याचं श्रेय दिलं जातं ते त्याच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराला. त्याने चामड्याचा वाटीच्या आकाराचा वायसर बसवला. दाब वाढेल तशी वाटीची कड आपसूक भिंतीला चिकटते, दाब गेला की सैल होते. गळू पाहणाऱ्या द्रवालाच त्याने दाराला टेकू लावायला उभं केलं. आपल्या आयांनी, आज्यांनी हा वायसर रोज हाताळला आहे. पितळी स्टोव्हच्या पंपाच्या दांड्याच्या टोकाला असतो तो हाच. वाळला की पंप हवा धरत नाही, मग त्याला खोबरेल तेलाचं बोट लावून तो मऊ करायचा. गन फॅक्टरीत सीलच्या कडा हाताळताना मला आईचा स्टोव्ह आठवत असे.

दुरुस्ती साधी. चिरेच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, नळी धारदार पात्याने काटकोनात कापली. हॅकसॉ वापरायची नाही, तिने कड खडबडीत होते आणि नायलॉनचा भुसा आत जातो. नळीत थोडा ढिला भाग ठेवलेला होता, ज्याने कुणी मूळ बसवली त्याचे उपकार. टोकावर नवी नट आणि फेरूल चढवून सिलिंडराच्या माथ्यात घातली, आधी हाताने, मग पान्याने बेताचा फेरा. जास्त आवळलं की फेरूल नायलॉनला चिरडतं आणि पुढच्या गळतीची तयारी आपणच करतो. क्लॅम्पच्या कडेखाली रबराचा तुकडा घातला.

आता तेल. टाकीत होतं ते लाल आणि स्वच्छ होतं. पाणी शिरलं असतं तर ते गुलाबी, दुधाळ झालं असतं आणि मग सगळं काढून नवं भरावं लागलं असतं. या पंपात एटीएफ चालतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आणि बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल. शहरात कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. त्याचा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, गळलं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून. एका खणात अर्धी वापरलेली ब्रेक ऑइलची बाटली सापडली, ती मी बाजूला काढली. सुदैवाने कुणी ती ओतली नव्हती. ब्रेक ऑइल वेगळ्या कुळातलं आहे, खनिज तेलासाठी बनलेली सीलं ते फुगवून, मऊ करून टाकतं. मग एक गळती दहा ठिकाणी फुटते.

टोपणाभोवतीची धूळ आधी पुसली, मग टोपण उघडलं. पट्ट्या वर. फनेल कोरडं. वरच्या रेघेपर्यंत भरलं आणि बटण दाबून पट्ट्या पूर्ण खाली, मग पूर्ण वर, पुन्हा खाली. सुरुवातीला पट्टी अडखळत, उचकी लागल्यासारखी जात होती. ती नळीतली हवा. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून हवा असेपर्यंत बटण आणि पट्टी यांच्यात मेळ बसत नाही. या यंत्रात हवा काढायला वेगळा स्क्रू सोडावा लागत नाही. प्रत्येक फेऱ्यात थोडी हवा तेलाबरोबर टाकीत परतते आणि बुडबुडे होऊन निघून जाते. काही फेऱ्यांनी बुडबुडे थांबले, पातळी खाली बसली, पुन्हा रेघेपर्यंत भरलं. एक लिटरची बाटली पुरून उरली. मग पट्ट्या पूर्ण झुकवून ठेवल्या, नळीखाली पांढरा कागद अंथरला आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा कागद कोरा होता आणि पट्टी जागची हलली नव्हती.

मालक म्हणाला, "काका, गळत होतं ते किती? महिन्याला वाटीभर. एवढ्या मोठ्या पाण्यात काय होतंय?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी प्रामाणिक उत्तर दिलं. बेंजामिन फ्रँकलिनने इंग्लंडमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकलं आणि ते पसरत पसरत सुमारे अर्ध्या एकरावर गेलं, तिथलं पाणी आरशासारखं सपाट झालं. 1774 साली त्याने ते छापून सांगितलं. चमचाभर. वाटीत किती चमचे मावतात ते घरी मोजून पाहा. बर्गीचं पाणी पुढे ग्वारीघाटाकडे जातं, लालपूरला ते उचलतात, गाळतात आणि आपल्या नळाला सोडतात. वाटीभर तेलाने शहर आजारी पडणार नाही, हे मलाही कळतं. पण जलाशयावर ही एकटी बोट नाही आणि प्रत्येक बोटीवर कुणीतरी हेच म्हणत असतं.

संध्याकाळी ग्वारीघाटावर आरतीला जी गर्दी जमते तिच्यात मीही असतो. 'नर्मदे हर' म्हणताना माझाही गळा दाटून येतो. द्रोणातला दिवा पाण्यात सोडणारी म्हातारी बाई मैयेला जे देते ते जाणून, ओंजळीने देते. पंपातून गळणारं तेल कुणी दिलेलं नसतं. ते न पाहिल्यामुळे गेलेलं असतं. श्रद्धेची माणसं आणि यंत्राची माणसं या शहरात वेगळी नाहीत. सकाळी फॅक्टरीत मायक्रोमीटर धरणारे हातच संध्याकाळी घाटावर जोडलेले दिसतात. म्हणूनच मला वाटतं की हे काम या शहराला समजायला मुळीच अवघड नाही. बर्गीवर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाने टाकीची पातळी लिहून ठेवावी. देखभालीच्या वहीत 'तेल टाकले' एवढ्यावर न थांबता ते कुठून गेलं होतं हेही लिहावं.

तळातलं जुनं तेल आम्ही स्पंजने टिपून डब्यात भरलं, चिंध्या पिशवीत घातल्या आणि शहरात नेल्या. वापरलेलं तेल घेणारे तिथे आहेत. पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मुलाने मार्करने हिंदीत लिहिलं, 'पहले दोनों पट्टी ऊपर', आणि त्याच्याखाली तारीख आणि पातळीची खूण. मी निघताना तो धावत मागे आला. स्टीअरिंगही तेलावरच चालतं ना, त्याने विचारलं, आणि चाक फिरवताना शेवटी थोडं पोकळ लागतं, तेही बघायचं का? मी विचारलं, चाकाखाली पाय ठेवतोस तिथे कधी ओलं लागलं आहे का? तो आठवू लागला. पुढच्या रविवारी ते उघडायचं ठरलं आहे. कागद तो आणणार आहे.